नवा जन्म आणि जुनी आई : मराठी ख्रिस्ती लेखनातलं ‘तारण’

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हे प्रवचन असणार. प्रवचन करण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. मी साहित्याचा वाचक म्हणून बोलणार आहे. ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यभागी दोन शब्द आहेत, ‘नवा जन्म’ आणि ‘तारण’. हे शब्द मराठीत आले तेव्हा त्यांचं काय झालं, आणि ज्या मराठी लेखकांनी असा जन्म आपल्याला लाभला असं लिहिलं, त्यांनी तो कसा सांगितला, एवढंच आज पाहायचं आहे.

अलिबागमध्ये हे बोलायला एक कारणही आहे. इथून दक्षिणेला रेवदंडा. तिथल्या कोटात पोर्तुगीज चर्चचे पडके मनोरे अजून उभे आहेत. कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई, आणि कोर्लईच्या किल्ल्याखाली एक ख्रिस्ती वस्ती, जी घरात आजही पोर्तुगीजमधून निपजलेली स्वतःची वेगळी भाषा बोलते. बोलणारे हजाराच्या आतबाहेर असतील. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची बोली’. या वस्तीकडे आपण नंतर परत येऊ. आधी मूळ गोष्ट.

योहानाच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा एक माणूस येतो. परूशी, शास्त्र जाणणारा, यहुद्यांमधला मोठा अधिकारी. तो रात्री येतो. येशू त्याला सांगतो की नव्याने जन्मल्याशिवाय कोणाला देवाचं राज्य दिसणार नाही. निकदेम गोंधळतो. म्हातारा झालेला माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा शिरणार, असं विचारतो. यावर येशू पाण्याने आणि आत्म्याने होणाऱ्या जन्माबद्दल बोलतो आणि वाऱ्याचा दाखला देतो. वारा ऐकू येतो, पण कुठून आला, कुठे चालला ते कळत नाही.

ही सगळी गोष्ट मूळ ग्रीकमध्ये शब्दांच्या दुहेरी अर्थावर उभी आहे. तिथे शब्द आहे ‘आनोथेन’. त्याचे दोन अर्थ होतात, ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेम पहिला अर्थ घेतो, येशूचा रोख दुसऱ्याकडेही आहे. तीच गत वाऱ्याची. ग्रीकमधला ‘प्नेउमा’ हा शब्द वाराही आहे आणि आत्माही. भाषांतर करणाऱ्याला दोन्ही ठिकाणी एकच बाजू हाती लागते. मराठी भाषांतराने ‘नव्याने’ हा शब्द पत्करला. ‘वरून’ सुटलं. ‘नव्याने’ म्हटलं की वाचकाला वाटतं, आपण पुन्हा एकदा सुरुवात करायची आहे. ‘वरून’ म्हटलं असतं तर कळलं असतं की ही सुरुवात आपल्या हातातली नाही.

आता मराठीतली खरी अडचण. आपल्याकडे ‘पुनर्जन्म’ हा शब्द रिकामा पडलेला नव्हता. तो हजारो वर्षं कामात होता. आपल्या परंपरेत पुनर्जन्म हे दुखणं आहे आणि मोक्ष हे त्यावरचं औषध. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायचं, पुन्हा पोटी यायचं नाही, यासाठी सगळी साधना. आणि इथे एक धर्म येऊन म्हणतो की सुटका हवी असेल तर पुन्हा जन्म घे. रोग्याला रोगच औषध म्हणून द्यावा तसं हे ऐकणाऱ्याला वाटणार. म्हणून मराठी ख्रिस्ती भाषेने ‘पुनर्जन्म’ हा शब्द शक्यतो टाळला आणि ‘नवा जन्म’ म्हटलं. शब्दापुरता हा तोडगा ठीक होता, पण ऐकणाऱ्याच्या मनातली अडचण तेवढ्याने मिटत नाही.

आपल्याच परंपरेत या गणिताच्या बाहेर गेलेली माणसंही आहेत. तुकोबांनी मोक्ष नाकारून, भक्तीसाठी पुन्हा गर्भवास चालेल असं देवाला सांगितलं, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे जन्म हे निव्वळ संकट नाही, तो मागण्यासारखाही असू शकतो, ही कल्पना वारकऱ्याला परकी नव्हती. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, त्याचा विचार करताना हे ध्यानात ठेवावं.

दुसऱ्या जन्माची आणखी एक कल्पना इथे होती, ती ‘द्विज’ या शब्दात. द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला. मुंज झाली की दुसरा जन्म. हा जन्म विधीने मिळत होता, ठरावीक वयात मिळत होता, आणि तो ठरावीक घरांतल्या मुलग्यांनाच मिळत होता. शेजारच्या कोळीवाड्यातल्या पोराला तो नव्हता, आणि त्याच ब्राह्मण घरातल्या मुलीलाही नव्हता. पंडिता रमाबाई संस्कृत शास्त्रात पारंगत होत्या, पण या अर्थाने त्या द्विज होऊ शकत नव्हत्या. त्यांच्या आयुष्यात दुसऱ्या जन्माचा प्रश्न इतका तीव्र का झाला, याचं एक कारण मला इथे दिसतं.

मात्र शास्त्र बाजूला ठेवून बोलीकडे वळा. एखादा माणूस वादळात सापडून बंदरावर परत आला, मोठ्या दुखण्यातून उठला, की आपण काय म्हणतो? ‘त्याचा पुनर्जन्मच झाला.’ इथे कोणी मेलेलं नाही. शरीर तेच, नाव तेच, बायकामुलं तीच. आणि तरी आपण त्याला जन्म म्हणतो. म्हणजे जी गोष्ट निकदेमाला समजत नव्हती, ती आपली बोलभाषा रोज सहज बोलते. आणि पाहा, या वाक्यात कर्तृत्व त्या माणसाकडे नसतं. ‘जन्म घेतला’ असं आपण म्हणत नाही, ‘झाला’ म्हणतो. ‘जन्म घेणे’ म्हटलं की तो घेणारा कोणीतरी आधीच असावा लागतो. आत्मा जुना आणि अंगरखा नवा, असा त्याचा हिशेब आहे. ‘झाला’मध्ये तसं नाही. कोणीतरी आपल्याला वर काढलं, एवढंच त्यात येतं. ख्रिस्ती धर्मशास्त्र ज्याला कृपा म्हणतं, ती या छोट्या क्रियापदात आहे.

‘तारण’ हा शब्दही याच पाण्यातला. तरणं, तारणं, तर, तारू. खाडीवर तर चालायची, तारू समुद्रात जायचं. मोक्ष आणि मुक्ती या शब्दांत बांधलेल्याचं सुटणं आहे. तारणात बुडणाऱ्याला वर काढणं आहे. बांधलेला माणूस स्वतः गाठ सोडण्याचा प्रयत्न तरी करू शकतो. बुडणाऱ्याला दुसऱ्याचा हात लागतो. बाप्तिस्मा या शब्दाच्या मुळाशीही पाण्यात बुडवणंच आहे. पौल रोमकरांना लिहितो तेव्हा बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि त्याच्याबरोबर उठणं, असा अर्थ लावतो. पाणी एकाच वेळी मारतं आणि जन्म देतं, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

आता ‘तारण’चा दुसरा अर्थ. बँकेत जा, ‘सोने तारण कर्ज’ अशी पाटी दिसेल. तारण म्हणजे गहाण. हा योगायोग आहे म्हणून सोडून देता येईल, पण मराठी बायबल उघडून वाचलं तर असे व्यवहारातले शब्द जागोजागी भेटतात. ख्रिस्ताने आपला जीव ‘खंडणी’ म्हणून दिला. पवित्र आत्मा हा ‘विसार’ आहे, म्हणजे सौदा पक्का करताना दिलेली आगाऊ रक्कम. आणि विश्वासणाऱ्याला मिळणार आहे ते ‘वतन’. खंडणी, विसार, वतन. हे मराठेशाहीच्या दफ्तरातले शब्द आहेत. भाषांतर करणाऱ्यांनी ते उगाच निवडले नाहीत. मूळ ग्रीकमध्येही हे शब्द बाजारातले आणि वाटणीपत्रातलेच आहेत. एकोणिसाव्या शतकात, म्हणजे १८२६ साली मुंबईत अमेरिकन मिशनने नवा करार मराठीत छापला त्या काळात, वतन म्हणजे काय हे शेतकऱ्याला पुरतं ठाऊक होतं. वतनासाठी भावाभावांत कज्जे चालत. न मागता, न कमावता वतन मिळतं आहे, ही बातमी त्याला केवढी वाटली असेल!

आज यातला ‘खंडणी’ शब्द अडचणीत आला आहे. वर्तमानपत्रात खंडणी गुंड मागतात. तरुण वाचक ते वाक्य वाचतो आणि थबकतो. कोणी कोणाकडे खंडणी मागितली? गंमत म्हणजे हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांनी फार पूर्वीच विचारला होता. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनच्या मांडणीत ती सैतानाला दिली गेली. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला हे पटलं नाही. चोराला देवाचा जीव मोबदला म्हणून कसा द्यायचा, असा त्याचा आक्षेप होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने सगळी मांडणीच बदलली, आणि माणसाने देवाच्या सन्मानाचं जे देणं थकवलं ते ख्रिस्ताने फेडलं असं म्हटलं. म्हणजे तारणाचा एकच एक हिशेब चर्चच्या इतिहासातही नाही. रूपक ताणलं की फाटतं. मराठी वाचकाला थबकायला झालं तर त्यात वावगं काही नाही.

इथवर आपण आतून पाहिलं. आता बाहेरून पाहू. ज्या घटनेला ख्रिस्ती माणूस नवा जन्म म्हणतो, तिला गाव काय म्हणत होतं? ‘बाटला.’ हा शब्द मऊ करून सांगता येणार नाही. कोकणात सगळीकडे एक गोष्ट ऐकायला मिळते, की फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने नकळत पाणी प्यायलं आणि सगळे बाटले. असं प्रत्यक्ष कुठे आणि किती घडलं, हा इतिहासकाराचा प्रश्न. मला त्या गोष्टीतली बाटण्याची कल्पना महत्त्वाची वाटते. तिथे माणसाच्या मनाचा, इच्छेचा, विश्वासाचा काही संबंध नाही. पाणी पोटात गेलं, संपलं. आणि परतीचं दारही बहुधा बंद. शिवाजीमहाराजांनी नेताजी पालकरांना १६७६ साली परत घेतलं याचं आपण इतकं कौतुक करतो, ते तसं सहसा घडत नव्हतं म्हणूनच.

कोर्लईचा इतिहास या दोन शब्दांच्या मधोमध उभा आहे. पोर्तुगीज चौलला सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. १५९४ साली त्यांनी निजामशाहीकडून कोर्लईचा किल्ला जिंकला. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे गेली. सत्ता गेली, सैन्य गेलं, धनी गेले. इथलीच माणसं होती ती मागे राहिली आणि ख्रिस्ती राहिली. पोर्तुगीज राजवटीत धर्मांतरामागे सत्तेचा दाब होता, लालूच होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दाब हे सुरुवातीचं कारण झालं. त्यानंतरच्या पावणेतीनशेहून अधिक वर्षांचं काय? जातीने परत घेतलं नसतं म्हणून ती राहिली, हे उत्तर अर्धं खरं असेल. उरलेलं अर्धं असं, की तोवर तो धर्म त्यांचाच झाला होता. आजी सांगते ती प्रार्थना, लग्नातली गाणी, सण, हे सगळं त्यांचं होतं. कोणीतरी लादलेला जन्मही पुढच्या पिढ्यांना आपला म्हणून जगता येतो. इतिहासाचा अपराध त्याने पुसला जात नाही, आणि त्या अपराधाकडे बोट दाखवून आजच्या माणसाची श्रद्धा खोटी ठरवता येत नाही.

इथेच दुसरा एक जुना वाद येतो. कॅथलिक परंपरेत बाप्तिस्मा हाच नवा जन्म. कोर्लईतल्या तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी ओतलं की तो जन्म झाला. प्रॉटेस्टंटांपैकी अनेकजण, विशेषतः जागृतीवादी पंथ, म्हणतात की जाणत्या वयात पश्चात्ताप, विश्वास आणि आतला पालट झाल्याशिवाय नवा जन्म नाही. तारण कृपेने की कर्मानेही, यावर सोळाव्या शतकात युरोप दुभंगला. १९९९ साली ऑग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लुथरन महासंघाने एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि तारण कृपेनेच आहे यावर मूलभूत सहमती असल्याचं जाहीर केलं. चारशेहून अधिक वर्षं लागली. पण विधी की अनुभव, हा प्रश्न अजून संपलेला नाही. मराठीत तो सगळ्यात धारदारपणे एका बाईने विचारला. तिच्याकडे जाण्याआधी दोन पुस्तकं घेऊ.

पहिलं फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेजुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ साली राशोल इथे त्याचं ओवीबद्ध मराठी पुराण रोमन लिपीत छापलं गेलं. त्याच्या आरंभी एक प्रसंग आहे. नुकताच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, की आमची जुनी पुराणं वाचायची तुम्ही बंदी केलीत, मग आम्ही वाचायचं काय? आम्हालाही आमच्या भाषेत पुराण द्या. मला हा प्रसंग सगळ्या ग्रंथाची किल्ली वाटतो. नवा जन्म झाला, पण ज्या गोष्टींवर मन वाढलं त्या काढून घेतल्या गेल्या. नवजात बाळाला दूध हवं, आणि ते तो जुन्याच भाषेत मागतो आहे. स्टीफन्स ते देतो. त्याच्या स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. आज एखाद्या कर्मठाला यात सरमिसळ दिसेल. मला त्यात एक मोठी कबुली दिसते, की पहिल्या जन्माची भाषा टाकून दुसऱ्या जन्माचा अर्थ सांगताच येत नाही. पण हेही विसरू नये, की ज्या सत्तेच्या छायेत हे पुराण लिहिलं गेलं, तिनेच आधीची पुराणं हिसकावली होती.

दुसरं, बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’. पदमनजी १८५४ साली बेळगावात ख्रिस्ती झाले. ‘यमुनापर्यटन’ ही त्यांची १८५७ची कादंबरी आपल्याला माहीत असते, १८८८चं हे आत्मचरित्र कमी वाचलं जातं. शीर्षक मार्मिक आहे. पौलाला दमास्कसच्या वाटेवर वीज चमकावी तसा प्रकाश दिसला. पदमनजी वीज म्हणत नाहीत, उजाडणं म्हणतात. उजाडताना नेमकी वेळ सांगता येत नाही. शंका, वाचन, वादविवाद, वडिलांचा धाक, घर सुटेल ही भीती, यांतून हळूहळू झालेला पालट ते सांगतात, आणि या सावकाशपणात पुस्तकाचा प्रामाणिकपणा आहे. त्याची उणीवही शीर्षकातच आहे. उजाडलं म्हटलं की आधीची सगळी रात्र ठरते. त्या काळच्या मिशनरी नियतकालिकांतून अशा साक्षी खूप छापल्या जात, आणि त्यांचा साचा ठरलेला असे, आधी अंधार, मग उजेड. पदमनजी विचारवंत म्हणून या साच्यापेक्षा मोठे आहेत, पण लेखक म्हणून ते त्यातून पुरते सुटत नाहीत. ज्या घरात ते वाढले त्या घरातल्या मायेला ते हळवे होतात आणि लगेच त्या घराच्या श्रद्धेला भ्रम ठरवतात. वाचताना आपण त्या आईबापांकडेच पाहत राहतो.

आता पंडिता रमाबाई. आईवडील दुष्काळात गेले. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी मान तुकवली असेल असं वाटत असेल, तर वाँटेजच्या भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. त्या चर्चच्या अधिकाराला प्रश्न विचारतात, शाकाहार सोडत नाहीत, क्रॉसवर लॅटिनच कशाला, संस्कृत का नको, असा मुद्दा काढतात. आणि मग १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या एक विलक्षण गोष्ट सांगतात. बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं होतं. धर्मोपदेशक असताना त्याच्या ध्यानात आलं होतं की ज्याचा आपण उपदेश करतो ते आपल्यालाच लाभलेलं नाही.

रमाबाईंच्या या विधानाचं धाडस आपण पुरतं ओळखलेलं नाही. या बाप्तिस्म्यासाठी त्यांनी महाराष्ट्राचा रोष ओढवून घेतला होता. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनी पाठ फिरवली. आणि ज्याची एवढी किंमत मोजली तो विधी म्हणजे नवा जन्म नव्हता, असं त्या जाहीरपणे सांगतात. द्विजत्व विधीने मिळतं असं मानणाऱ्या समाजातून त्या आल्या होत्या. चर्चही तेच करत आहे हे त्यांना दिसलं आणि त्यांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं. केडगावच्या संस्थेला त्यांनी ‘मुक्ती’ हे नाव दिलं, त्यातही हा अर्थ आहे. दुष्काळातून आणलेल्या मुली आणि टाकलेल्या विधवा तिथे राहत. त्यांच्यासाठी मुक्ती म्हणजे आधी जेवण, छप्पर, अक्षरओळख, हाताला काम, आणि त्याच्याच जोडीने आत्म्याचं तारण. रमाबाईंनी यात दोन खाती पाडली नाहीत. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. साक्षीबद्दल माझा एक आक्षेप आहे. ती मूळ इंग्रजीत, परदेशी मदतदारांसमोर मांडलेली आहे, आणि उत्तरार्धात त्या साच्याची भाषा तिच्यावर चढते. पण आईवडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल त्या लिहितात तिथे साचा गळून पडतो. चुकीच्या श्रद्धेने हे झालं, असं त्या म्हणतात, तरी त्यांच्या शब्दांत त्या माणसांबद्दल तुच्छता नाही.

आणि शेवटी लक्ष्मीबाई टिळक. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने तो नवा जन्म नव्हता, जिवंत नवऱ्याचं मरण होतं. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. मराठीत नव्या जन्माबद्दल लिहिलेलं याहून खरं पुस्तक मला माहीत नाही, आणि त्यात ‘नवा जन्म’ हे प्रकरण शोधून सापडणार नाही. तिथे आहे सोवळं, पाण्याची घागर, कोणाच्या हातचं चालतं आणि कोणाच्या हातचं चालत नाही याचा रोजचा काच. मग एके दिवशी मनात येतं की हा भेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे. आणि कित्येक वर्षांचं ओझं उतरतं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. पालट आधी झाला, विधी मागून आला, आणि त्या पालटाचा पुरावा ताटात आणि तांब्यात दिसला. ज्या गावाने पाण्यामुळे माणूस बाटतो असं ठरवलं होतं, त्याच समाजातली ही बाई कोणाच्याही हातचं पाणी पिऊन मोकळी होते. ‘बाटणे’ आणि ‘नवा जन्म’ हे दोन शब्द एकाच घोटात समोरासमोर येतात.

शिवाय ती हसते. आपल्या जुन्या सोवळ्याला हसते, नव्या ख्रिस्ती मंडळींना हसते, टिळकांना तर हसतेच हसते. धर्मांतराच्या साक्षींत विनोद सहसा नसतो, कारण विनोदाला आधीचं आणि नंतरचं दोन्ही आयुष्य सारखंच जवळ असावं लागतं. लक्ष्मीबाईंना ते तसं आहे. टिळकही शेवटी तिथेच पोचले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ज्या माणसाने बाप्तिस्म्यापायी संसार मोडताना पाहिला, त्यानेच बाप्तिस्म्याची भिंत ठेंगणी केली. अनेक मिशनऱ्यांना हे रुचलं नसेल, आणि त्यांचा आक्षेपही पोकळ नाही. विधी नको, मंडळी नको, तर मग श्रद्धा हवेत विरते. कोर्लई टिकली ती चर्चमुळे आणि विधींमुळेच. टिळकांचा दरबार त्यांच्यामागे तसा टिकला नाही. हा ताण मी सोडवून दाखवणार नाही, कारण तो सुटण्यासारखा नाही. अनुभवाशिवाय विधी कोरडा, आणि विधीशिवाय अनुभव एका आयुष्यापुरता.

मग या सगळ्या लेखनाकडे पाहताना मी कोणता निकष लावतो? साधा आहे. ‘दुसरा जन्म’ म्हणताना पहिला मोजलेला असतो. एक नसेल तर दोन कसे होणार? म्हणून नव्या जन्माचं कोणतंही लेखन हाती आलं की मी पाहतो, की यात जुन्या आईचं काय केलं आहे? जिथे तिला मेलेली ठरवलंय, तिथे कितीही उजेड असो, लेखन खोटं पडतं. क्रिस्तपुराणाने तिची भाषा ठेवली. अरुणोदय तिच्यासाठी रडतं आणि तिला दोष देतं. रमाबाई तिच्याशी वाद घालतात, पण तिचं ऋण नाकारत नाहीत. लक्ष्मीबाई तिला बरोबर घेऊनच नव्या घरात येतात. आणि कोर्लईला तर दोन आया आहेत. एक समुद्रापलीकडून आलेली, परत गेलेली, आपली भाषा मागे ठेवून. दुसरी इथलीच, मराठी. आता शाळेत मराठी आहे, बाजारात मराठी आहे, चर्चमध्येही मराठी आली. नो लिंग बोलणारी मुलं कमी होत जातील अशी काळजी भाषेचे अभ्यासक व्यक्त करतात. त्या वस्तीला कोणी ‘बाटलेले’ म्हणून हिणवू नये, आणि कोणी ‘पोर्तुगिजांचे अवशेष’ म्हणून नवलाईने पाहायलाही जाऊ नये. ती या किनाऱ्याची माणसं आहेत.

निकदेमाची गोष्ट योहान तिथेच अर्धवट सोडतो. नव्याने जन्मला का, ते सांगत नाही. पण शुभवर्तमानाच्या शेवटी, येशूला क्रुसावरून उतरवल्यावर, हाच माणूस पुन्हा येतो. देह पुरण्यासाठी गंधरस आणि अगरू आणतो, आणि देह यहुद्यांच्या रीतीप्रमाणेच गुंडाळतो. आपल्या जुन्याच रीतीने, पण आता जे करायचं ते उघडपणे. त्याचा जन्म झाला होता की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. मला तरी उत्तर दिसतं.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विशेषतः रेवदंडा-कोर्लईकडून कोणी आले असतील तर त्यांनी बोलावं, कारण घरातल्या प्रार्थनेत तारणाला काय म्हणतात ते त्यांच्याकडूनच ऐकायला हवं.